गोळी का चुकली?

एचआयव्हीने माणसाचं काय काय बिघडतं हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही तोंडपाठ असायचं. वजन उतरतं, ताप जात नाही, जुलाब थांबत नाहीत, टीबी होतो. एसटी स्टँडच्या भिंती, सरकारी दवाखान्यातले बोर्ड, ट्रकच्या मागच्या फळ्या, सगळीकडे तीच यादी. नाशिक म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव. ट्रकवाले, द्राक्षबागांतले मजूर, एमआयडीसीत बाहेरगावाहून आलेली एकटी माणसं. त्यामुळे आपल्याकडे हा प्रचार जरा जास्तच झाला. चांगलंच झालं. पण त्या यादीत एक अवयव मी कधीच वाचला नाही. मेंदू.

आता तर ती यादीसुद्धा कुणी वाचत नाही. भिंतींवरचा रंग उडाला आणि लोकांनी विषयच संपवून टाकला. "आता गोळ्या मिळतात ना फुकट? मग झालं की!" असं एक सुशिक्षित गृहस्थ मला नुकतंच म्हणाले. त्यांचं अर्धं बरोबर आहे. गोळ्या मिळतात, आणि त्यांनी लाखो माणसं वाचवली. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती आणि त्यात सर्वात जास्त, ३ लाख ९४ हजार, आपल्या महाराष्ट्रात. 'जगत होती' हा शब्द महत्त्वाचा. पंचवीस वर्षांपूर्वी ही माणसं मरत होती. आज ती पन्नाशी-साठीला पोचताहेत, मुलांची लग्नं करताहेत, नातवंडं खेळवताहेत. आणि त्यांच्यातली काही जण हळूच सांगताहेत, "हल्ली डोकं चालत नाही हो."

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या काही जणांच्या एका छोट्या गटाच्या हिशेबाच्या वह्या बघतो. वह्या बघता बघता कानावर बरंच पडतं. त्यातून वाचनाची खोड. तेव्हा हे एका कारकुनाचं मत समजा. पण मत पक्कं आहे.

मत असं, की गोळी चुकवणाऱ्या माणसाला आपण "का चुकवली?" असं दरडावून विचारतो तेव्हा निम्म्या वेळा तरी आपण चुकीच्या माणसावर चुकीचा आरोप ठेवत असतो. त्याला निष्काळजी म्हणण्याआधी त्याच्या डोक्याची विचारपूस करायला हवी.

आधी थोडं विज्ञान. जमेल तितकं सोपं करून सांगतो.

मेंदूभोवती निसर्गाने एक लक्ष्मणरेषा आखलेली आहे. रक्तातली प्रत्येक गोष्ट मेंदूत जाऊ शकत नाही. पण एचआयव्हीचा विषाणू एकटा जातच नाही. तो रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींमध्ये दडून बसतो, आणि या पेशींना आत जायची मुभा असते. आपण पंचवटीच्या गावातली माणसं, भिक्षुकाच्या वेशात कोण आलं होतं हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको! संसर्ग झाल्यावर अगदी लवकर, काही आठवड्यांतच, विषाणू मेंदूपर्यंत पोचलेला असू शकतो.

आत गेल्यावरची गंमत अशी (गंमत म्हणवत नाही खरं तर), की ज्या पेशींनी आपण विचार करतो, त्या चेतापेशींना तो सहसा हातच लावत नाही. तो शिरतो मेंदूच्या राखणदार पेशींत. राखणदार बिथरतात, सतत दाह पेरत राहतात, विषाणूची काही प्रथिनंही बाहेर पडतात, आणि त्या धगीने शेजारच्या चेतापेशींचे एकमेकींशी असलेले धागे झिजतात. विशेषतः मेंदूच्या आतल्या भागातले, जिथे हालचालींचा वेग आणि कामांचा क्रम सांभाळला जातो.

म्हणून हा विसरभोळेपणा आपल्या म्हाताऱ्यांच्या विसरण्यापेक्षा वेगळा असतो. म्हातारपणीच्या अल्झायमरमध्ये आठवण पुसली जाते. इथे आठवण बहुधा कपाटात असते, पण किल्ली सापडायला वेळ लागतो. "अमुक का?" असं सुचवलं की माणूस "हो हो, तेच!" म्हणतो. विचार मंदावतो. दोन कामं एकदम धरवत नाहीत. गॅसवर दूध ठेवून फोन घेतला की दूध गेलंच. हिशेब करताना मधली पायरी निसटते. बारीक कामात हात अडखळतो. आणि बऱ्याचदा माणूस उदास, अलिप्त होतो. घरचे म्हणतात, "आळशी झालाय." मालक म्हणतो, "कामचुकार झालाय."

कामचुकार हा शब्द मी टाइम ऑफिसात हजारदा ऐकला. एका माणसाबद्दल ऐकला तेव्हाची हकीकत सांगतो. त्याने स्वतः सांगितलंय की लिही, फक्त नाव-गाव नको.

हा गडी टर्नर. लेथवर असा हात, की ड्रॉइंग एकदा बघितलं की पुन्हा बघायची गरज नाही. २००१ च्या सुमाराला त्याचे जॉब रिजेक्ट व्हायला लागले. मापं चुकायची. तीनदा-चारदा ड्रॉइंग बघायचा, तरी पुढची पायरी विसरायचा. मायक्रोमीटर हातात घेऊन नुसता उभा असायचा. पाळी बदलल्याचं लक्षात न राहून दोनदा भलत्याच पाळीला येऊन उभा राहिला. ते माझ्या रजिस्टरमध्येच होतं. मेमो मिळाले. सुपरवायझरने दारूचा संशय घेतला. सोबत्यांनी आधी सांभाळून घेतलं, मग चेष्टा सुरू केली. शेवटी त्याने राजीनामा दिला आणि गावी गेला. त्याला एचआयव्ही आहे हे कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. त्याला स्वतःलाही राजीनाम्यानंतर कळलं, टीबीसाठी तपासणी झाली तेव्हा.

औषधं होती, पण विकतची. टर्नरला परवडण्यातली नव्हती. १ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली. सहा राज्यं आणि दिल्ली, त्यात आपला महाराष्ट्र, आणि मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल. भाऊ त्याला पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला घेऊन जायचा. हात धरून, कारण स्टेशनवर तो भरकटायचा. सहा-आठ महिन्यांत वजन भरलं, आणि पाठोपाठ, कुणी अपेक्षाही केली नव्हती, त्याचं डोकं परत यायला लागलं. पोराची बेरीज-वजाबाकी तपासायला लागला. आज तो गावाकडे मोटारी दुरुस्त करतो. पाण्याच्या मोटारी, विहिरीवरच्या. "पूर्वीचा वेग नाही आला," तो म्हणतो, "पण पूर्वी मी कोण होतो ते तरी आठवतं."

हे वाक्य मी विसरू शकत नाही.

त्याच्या बाबतीत नेमकं काय काय झालं होतं हे डॉक्टरच सांगू जाणे. टीबी होता, अशक्तपणा होता, मानसिक धक्का होता. पण वैद्यकशास्त्राला हे चित्र अनोळखी नव्हतं. १९८६ मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एड्समुळे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाचं सविस्तर वर्णन करून ठेवलं होतं. तेच वर्ष, ज्या वर्षी भारतात, चेन्नईत, पहिल्यांदा एचआयव्ही सापडला. गुणकारी उपचार नव्हते त्या काळात एड्सच्या अवस्थेला पोचलेल्यांपैकी साधारण १५ ते २० टक्के लोकांना हा गंभीर स्मृतिभ्रंश व्हायचा. १९९६ नंतर तीन औषधांचा एकत्र उपचार आला आणि चित्र पालटलं. अमेरिकेत दीड हजारांवर बाधितांची तपासणी करून २०१० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर स्मृतिभ्रंश फक्त दोनेक टक्क्यांत आढळला. पण कमी-अधिक बौद्धिक अडचण मात्र जवळपास निम्म्या लोकांत! म्हणजे खोल खड्डा बुजला, पण रस्ता खडबडीतच राहिला.

"हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडचा विषाणू वेगळ्या, 'सी' उपप्रकारातला. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, की या 'सी' विषाणूच्या एका प्रथिनात छोटासा बदल आहे, आणि त्यामुळे तो दाह पसरवणाऱ्या पेशींना इतर उपप्रकारांइतकं खेचू शकत नाही. त्यावरून आशा वाटली, की भारतीयांचा मेंदू बहुधा बचावेल. पण २००७ मध्ये निम्हान्सच्या मंडळींनी औषधं सुरू न झालेल्या, वरवर ठणठणीत दिसणाऱ्या ११९ बाधितांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ६० टक्के लोकांत सौम्य ते मध्यम अडचणी दिसल्या. गंभीर मात्र एकही नव्हता. म्हणजे दिलासाही आहे आणि इशाराही. आपला विषाणू कदाचित जरा मवाळ असेल, पण निरुपद्रवी नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की मग सगळ्या बाधितांची डोकी बिघडलेली असतात असं म्हणायचंय का? अजिबात नाही! माझी खरी धास्ती तीच आहे, म्हणून पुढचं जरा नीट वाचा.

असले आकडे येतात कुठून? चाचण्यांतून. आणि चाचणीचा निकष असा असतो, की सरासरीपेक्षा अमुक इतके कमी गुण पडले की 'दोष'. पण सात-आठ विषयांची परीक्षा घ्या आणि कुठल्याही दोन विषयांत जरा कमी गुण पडले की नापास म्हणा, मग बघा किती धडधाकट माणसं नापास होतात ते. अशा हिशेबाने निरोगी लोकांतलेही सुमारे वीस टक्के 'दोषी' ठरतात, असं या शास्त्रातलेच लोक सांगतात. म्हणूनच २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने स्पष्ट भूमिका घेतली: चाचणीत कमी गुण पडणं म्हणजे आजार नव्हे. माणसाला स्वतःला किंवा त्याच्या जवळच्यांना रोजच्या जगण्यात फरक जाणवतो का, हे आधी बघा. आणि अडचण असलीच तरी ती एचआयव्हीमुळेच आहे असं धरून चालू नका.

मला हे फार पटलं. कारण चाचण्या कशा असतात बघा. एक इंग्रजीत प्रचलित चाचणी आहे: एका मिनिटात अमुक अक्षरापासून सुरू होणारे शब्द सांगा. आता आपल्या रविवार कारंजावर भाजी घेऊन बसणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईला म्हणा, "मावशी, 'प' वरून शब्द सांगा." ती तुमच्याकडे बघत राहील. तिच्या लेखी 'प' अशी काही वस्तूच नाही! पण "भाज्यांची नावं सांगा" म्हणा, ती पंचवीस सांगेल आणि वर भाव सांगेल. पहिल्या चाचणीत तिचा मेंदू बिघडलेला, दुसरीत तल्लख. मेंदू तोच.

पुण्याला भोसरीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, 'नारी', स्थापन झाली (आता तिचं नाव बदललंय). तिथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर या चाचण्या मराठीत आणायचं काम केलं. त्यातला एक अभ्यास मला फार आवडला. २०१२ सालचा. पुण्यातल्या १७४ मराठी माणसांना मराठीतून चाचण्या दिल्या आणि त्यांना हिंदी किती येतं याचा गुणांवर काही परिणाम होतो का, ते तपासलं. म्हणजे आपण घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलतो, याचीसुद्धा दखल घेऊन मग मोजमाप करायचं. असं काम हवं! सुतार आधी गज तपासतो आणि मग लाकूड मोजतो.

आता माझा मुद्दा. दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. एकीकडे, खरोखरच्या त्रासाला आपण 'निष्काळजीपणा' म्हणतो. दुसरीकडे, 'एचआयव्ही म्हणजे डोक्यावर परिणाम' असा नवा शिक्का तयार होऊ शकतो. ज्या माणसांनी 'चारित्र्यहीन' हा शिक्का वीस वर्षं कपाळावर वागवला, त्यांना आता 'वेडसर' हा दुसरा द्यायचा? घर भाड्याने न देणाऱ्याला, नोकरी न देणाऱ्याला, वाटणीतून नाव कापणाऱ्या दिराला तर आयतं निमित्त मिळेल. "वहिनींचं डोकं ठिकाणावर नसतं हो, सही कशाची घेता त्यांची?" हे वाक्य अजून मी ऐकलेलं नाही, पण त्याची चाल मला ओळखीची वाटते.

मग गप्प बसायचं का? नाही. गप्प बसण्याने टर्नरचा जॉब गेला होता.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या प्रकरणात (त्याला नाव न उघड करता दाद मागू दिली होती) म्हटलं, की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल तर नुसत्या एचआयव्हीच्या कारणाने त्याची रोजी काढून घेता येणार नाही. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यातली एक गोष्ट मला माझ्या जुन्या खात्याच्या दृष्टीने मोलाची वाटते. 'हा कामाला अयोग्य' असं मालकाने नुसतं म्हणून चालत नाही. स्वतंत्र, पात्र वैद्यकीय व्यक्तीचं लेखी मत लागतं. आणि त्याला झेपेल असा फेरबदल कामात का करून देता येत नाही, हेही मालकाला लेखी द्यावं लागतं. शंभर किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रार अधिकारी नेमावा लागतो. सातपूर-अंबडच्या किती कारखान्यांत तो नेमलाय, हे युनियनवाल्यांनी एकदा विचारून बघावं.

फेरबदल म्हणजे काय मोठी गोष्ट? रात्रपाळी टाळणं. जॉबच्या पायऱ्या पाटीवर लिहून मशीनपाशी टांगणं. एका वेळी एकच काम देणं. टर्नरला हे मिळालं असतं तर एक कसबी कामगार कारखान्याला राहिला असता, एवढा साधा हिशेब आहे.

आता गोळीकडे येतो. औषध रोजच्या रोज, न चुकता घ्यायचं असतं. केंद्रावर उरलेल्या गोळ्या मोजतात, आणि ९५ टक्के घेतल्या तर ठीक, असा दंडक. तीस गोळ्यांत दोन चुकल्या की माणूस त्याच्या खाली गेला! आता बघा हं. ज्याचं विसरणंच आजाराचा भाग असू शकतं, त्याला आपण 'विसरू नको' असं औषध देतो. तो विसरला की विषाणू पुन्हा उसळतो, विषाणू उसळला की मेंदूची झीज वाढते, आणि झीज वाढली की तो आणखी विसरतो. या फेऱ्यातून त्याला ओरडून बाहेर काढता येईल का? आमच्या गटातली एक बाई सांगत होती, "कौन्सेलर मॅडम विचारतात, तुला जगायचं नाही का? मला जगायचंय हो. पण गोळी घेतली की नाही तेच मला आठवत नाही. दोनदा घेतली तर काय, या भीतीने घेतच नाही."

केंद्राचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका केंद्राचा नाही. त्या मॅडमसमोर पन्नास माणसांची रांग असते. पण प्रश्न बदलायला रांग आड येत नाही. "का चुकवली?" ऐवजी "लक्षात ठेवायला अवघड जातंय का? घरात आणखी काही विसरायला होतंय का? झोप कशी आहे? मन लागतं का?" इतकंच. आणि उत्तर 'हो' आलं तर पाच मिनिटांची एक साधी तपासणी आहे, २००५ पासून जगभर वापरात असलेली. बोटं भराभर जुळवायला सांगतात, मूठ-पंजा-कड अशी हाताची लकब पुन्हा पुन्हा करायला सांगतात, आणि सांगितलेले चार शब्द थोड्या वेळाने विचारतात. बारापैकी गुण. दहा किंवा कमी पडले तर पुढे नीट तपासा, एवढाच अर्थ. लिहिता-वाचता यायची गरज नाही. हा निवाडा नव्हे, खडा टाकून बघणं आहे.

त्यानंतरचा शोधही महत्त्वाचा, कारण विसरण्याची कारणं पुष्कळ असतात आणि बरीचशी दुरुस्त होण्यासारखी असतात. नैराश्य हे पहिलं. नवरा गेला, माहेर तुटलं, पोरं लहान, अशा बाईचं डोकं विषाणूनेच मंदावलंय असं कशावरून? दुसरं बी-१२, तिसरं थायरॉईड. मग दारू, रक्तदाब, मधुमेह, अपुरी झोप. कधी औषधच. पूर्वी सर्रास दिली जाणारी इफाविरेन्झ ही गोळी काहींना चित्रविचित्र स्वप्नं, चक्कर, उदासी द्यायची. २०२० नंतर टप्प्याटप्प्याने तिची जागा डोल्युटेग्राविरने घेतली, बहुतेकांना ती सोसते, काहींची झोप मात्र उडते. असं काही वाटलं तर डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, हे हात जोडून सांगतो.

आणि एक वेगळी गोष्ट. हळूहळू येणारं मंदपण वेगळं आणि अचानक आलेला बदल वेगळा. डोकेदुखी आणि ताप हटत नाही, फिट आली, दोन-दोन दिसायला लागलं, एक बाजू लुळी पडली, माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागला, तर तो मेंदूतला टीबी, बुरशीचा संसर्ग किंवा तसंच काही असू शकतं. तिथे वाट बघायची नाही, देवऋषी तर नाहीच नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

जी मुलं हा संसर्ग घेऊनच जन्मली, त्यांच्याबद्दल तर स्वतंत्र लिहायला हवं. वाढत्या मेंदूला विषाणूचा फटका जास्त बसतो. कितीतरी पोरं शाळेत 'ढ' म्हणून मागच्या बाकावर गेली. आज ती विशीत आहेत, स्वतःच्या गोळ्या स्वतः सांभाळायची वेळ आलीय, आणि आजी-आजोबा थकलेत. त्यांना शिस्तीचं व्याख्यान देण्याआधी त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल एकदा विचारा.

घरच्यांनी काय करावं? फार मोठं काही नाही. गोळी रोजच्या एखाद्या सवयीला बांधा: सकाळचा चहा, संध्याकाळची दिवाबत्ती, ठरलेली मालिका. सात खणांची डबी मेडिकलमध्ये मिळते. खण रिकामा म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे राहिली. त्या बाईचा "दोनदा तर नाही ना घेतली" हा घोर एका डबीने गेला! मोबाईलला गजर लावा. एक माणूस विश्वासात घ्या, पण तिच्या किंवा त्याच्या मर्जीने, परस्पर नाही.

आणि नाशिककरांची एक खास जबाबदारी आहे असं मला वाटतं. राज्यभरातल्या डॉक्टरांची, नर्सेसची, वैद्य-होमिओपॅथांची परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या गावात आहे. एचआयव्हीच्या धड्यात "रुग्णाला त्याच्या स्मरणशक्तीबद्दल, त्याच्या भाषेत, घाई न करता विचारा" एवढी एक ओळ प्रात्यक्षिकासकट शिकवली, तर ती म्हसरूळहून निघून गडचिरोलीपर्यंत जाईल. कुठला नवा विभाग नको, नवी मशीन नको.

एक आनंदाची गोष्टही सांगायला हवी. २०१७ पासून आपल्याकडे एचआयव्ही सापडला की सीडी-४ चा आकडा खाली जायची वाट न बघता लगेच औषध सुरू करायचं धोरण आहे. प्रतिकारशक्ती किती खोल गेली होती यावर मेंदूचं नुकसान बरंचसं अवलंबून असतं, असं दिसलंय. म्हणजे आज तपासणी करून आजच औषध सुरू करणाऱ्याचा मेंदू टर्नरपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. तपासणीला जायला हे आणखी एक कारण.

पण जे आधीच त्या खोल आकड्यांतून वर आले, त्यांचं काय? त्यांना आपण मरणातून ओढून काढलं आणि "आता तक्रार कसली करतोस?" असं म्हणून सोडून दिलं, असं व्हायला नको. जगणं म्हणजे नुसता श्वास चालू असणं नव्हे. पोराचं नाव, चुलीवरचं दूध, हातातलं कसब हे सगळं जागेवर असणं, हेही जगण्यातच येतं, आणि उपचारातही यायला हवं.

असो. लेख लांबला, इलाज नव्हता. तुमच्यापैकी कुणी अशा केंद्रावर काम करत असेल, तर पुढच्या वेळी गोळ्या मोजताना हातातली पट्टी जरा बाजूला ठेवा आणि समोरच्याला विचारा, "काय विसरायला होतंय?" उत्तर द्यायला त्याला कदाचित थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.